तिच्या टिचकीशिवाय

आमच्या घरात एक तांब्याची घागर आहे. रिकामी असते. तिच्यात कोणी पाणी भरत नाही. सूनबाई शीतल म्हणाली, "बाबा, ही गॅलरीत ठेवू का? जाता-येता पाय लागतो." मी नको म्हटलं. पुन्हा तिनं विचारलं नाही. पोरगी समजूतदार आहे.

ती घागर विकायला केलेली. विकली गेली नाही, कारण माझ्या बायकोनं नापास केली. बायको गेली, घागर राहिली.

मी चौथी शिकलेला माणूस. हातोडा धरून बोटं अशी झालीत की पेन त्यात बसत नाही. पण हिच्याबद्दल कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो. नाव सुमन. मी नावानं हाक कधी मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. "अगं" म्हटलं की यायची. पुढं पुढं "अगं" म्हणूनही येईना, ते सांगणारच आहे.

तिचं माहेर निफाडचं. तेही तांबटच. मुलगी बघायला वडील, मामा आणि मी गेलो. वडलांनी जाताना स्वतःच्या हातचा एक तांब्या भेट म्हणून नेला होता. त्यांच्या हाताला नाशकात नाव होतं आणि रागालाही. मुलगी पोहे घेऊन आली, खाली बसली, मान खाली. सगळं रीतीप्रमाणं. मग तिच्या बापानं तो तांब्या तिच्याकडं दिला, आत नेऊन ठेव म्हणून. तिनं तो डाव्या हाताच्या दोन बोटांत गळ्याशी लटकता धरला आणि उजव्या हातानं टिचकी मारली. सवयच तशी.

आणि मान वर करून म्हणाली, "काका, याला चीर हाय."

तिच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं. आईनं आतून हाक मारली, "सुमे, आत ये." वडलांनी तांब्या घेतला. टिचकी मारली. पुन्हा मारली. लालभडक झाले. मला वाटलं, आता उठून चालायला लागणार. त्यांनी गपचूप चहा प्यायला.

परतीच्या एसटीत चांदोरी येईपर्यंत ते तांब्याला टिचक्या मारत होते. मग म्हणाले, "ही पोरगी दुकानात पाहिजे." घरात नाही, दुकानात. मला कोणी विचारलं नाही.

आमचं दुकान जुन्या नाशकात, तांबट आळीत. पुढं दुकान, मागं घर. आता आळीत दोन-तीनच हातोडे उरलेत. तेव्हा प्रत्येक ओट्यावर ठोकणं चालायचं. पत्र्याचं भांडं आकाराला आलं की त्यावर अंगभर ठोके मारतात, एकाशेजारी एक, ओळीत. त्यानं तांबं घट्ट होतं, चमकतं. आम्ही त्याला मठारणं म्हणतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तेच. नवा पाहुणा आळीत आला की कानावर हात ठेवून चालायचा. आम्ही सगळे गडी कानात कापसाचे बोळे घालायचो.

ही घालायची नाही.

हिची जागा उंबऱ्याशी, लाकडी फळीवर. बाजूला चिंचेच्या पाण्याचं घमेलं. भांडं चिंचेनं उजळायचं, पुसायचं, आणि मग टिचकी. तांबं नीट तापवलं नाही आणि ठोके जास्त पडले की त्याला केसाएवढी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही. पाणी भरून ठेवलं तरी कधीकधी लगेच गळत नाही, महिन्यांनी गळतं. पण आवाजात ती लगेच येते. धड भांडं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द. मोठी चीर कोणालाही कळते. बारीक कळायला हिच्यासारखा कान लागतो. मी एकदा विचारलं, तू ऐकतेस काय नेमकं? म्हणाली, "टिचकीचा आवाज नाय ऐकत मी. त्याच्या मागून जे बारीक शेपूट जातं ना लांब, ते ऐकते. ते मधेच तुटलं तर भांडं खोटं."

म्हणून कापूस नाही. आजूबाजूला हातोडे चाललेत आणि ही त्यातून ते शेपूट शोधतेय, डोळे मिटून, श्वास धरून. वडलांनी नियमच केला होता, हिच्या टिचकीशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. वडील गेले, मी तोच नियम चालवला. धाकटा भाऊ दत्तू, त्यालाही तोच मान्य.

टिचकीची तिला खोडच होती. बाजारात टरबूज घेताना, नारळ घेताना तर सगळेच वाजवतात. ही कपबशी वाजवायची, फरशी वाजवायची, नव्या घराची भिंत वाजवायची. मुलगा झाला तेव्हा बाळाच्या कपाळावर हळूच टिचकी मारून सुईणीला म्हणाली, "पक्कं हाय." सुईण हसून हसून पडली. दत्तू तिची खोडी काढायचा, "वहिनी, माझ्या डोक्याला मारा बरं एक, चीर आहे का बघा."

"भाऊजी, तुमचं डोकं खणखणीतच वाजणार. आत काय असंल तर बद्द वाजंल ना."

सगळी आळी हसायची. वरनं कडक वाटायची, पण तिच्या फळीपाशी येऊन बसल्याशिवाय आळीतल्या एकाही बाईचा दिवस जायचा नाही.

हे कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. असलं काही घंटी वाजवून येत नाही. आधी पहाटेच्या चिमण्या गेल्या. म्हणाली, "चिमण्या कमी झाल्यात नाशकात." आम्हीही हो म्हटलं, झाल्याच होत्या. मग कुकरच्या शिट्ट्या गेल्या. डाळ करपायची आणि ही गॅस कंपनीला शिव्या द्यायची. मग म्हणायला लागली, आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. गड्यांचं बोलणं कळायचं, पोराबाळांचं नाही. दोघं बोलले तर चालायचं, चौघं एकदम बोलले की हिचा चेहरा कोरा. बोललेलं ऐकू यायचं, पण कळायचं नाही. हे लोकांना समजत नाही. त्यांना वाटतं, बहिरं म्हणजे ओरडून सांगितलं की झालं. ओरडल्यावर शब्द आणखी फाटतो. ती म्हणायची, "ओरडू नका हो, नीट सांगा."

आणि मग निफाडकडचा तो माणूस आला. द्राक्षबागवाला. लेकीच्या लग्नात द्यायला घागर नेली होती आमच्याकडनं. ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. भांडायला नाही, साधेपणानं म्हणाला, "काकू, गळती हाय जरा. पाटावर ठेवली व्हती, खाली पाणीच पाणी झालं पाहुण्यांसमोर."

ही म्हणाली, "माझ्या हातनं गेलीय ती. गळणार नाय."

दुपारच्या जेवणाची वेळ. आळीतले हातोडे थांबलेले. तिनं घागर दोन बोटांत लटकती धरली, डोळे मिटले, टिचकी मारली. डोळे उघडून त्याला म्हणाली, "बघा. वाजतीय का नाय खणखणीत?"

घागर बद्द वाजली होती. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. शेजारच्या ओट्यावरच्यांनाही आलं.  दत्तू खाली बघायला लागला. हिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, त्या माणसाकडं पाहिलं. तिला घागरीनं नाही सांगितलं, आमच्या तोंडांनी सांगितलं.

तो माणूस भला होता. म्हणाला, "असू द्या काकू. माझ्याकडनंच पडली असंल कुठं."

त्याचं ते खोटं तिला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या. दयेला काय परत देणार? घागर ठेवून घेतली, त्याला दुसरी दिली. ती दुसरी दत्तूनं वाजवली. आमच्या दुकानात पहिल्यांदा तिच्याऐवजी दुसऱ्याची टिचकी पडली, आणि ती बाजूला उभी होती, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

तरी फळीवर बसणं सोडलं नाही. पुढं बरेच दिवस आमचं असं चालायचं की टिचकी ती मारायची आणि ऐकायची माझ्या तोंडावर. मी समोर बसलेला. भांडं धड असलं की मी पापणी हलवायचो, नसलं की स्थिर. गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही. आम्ही यावर कधी बोललो नाही. ठरवून असं काही केलंच नव्हतं. बरं चाललं होतं.

मग एक दिवस भर दुकानात फळीवरून उठली. घमेलं आत नेऊन पालथं घातलं. म्हणाली, "तुमच्या कानानं भांडी पास करते मी. लोक माझ्या नावानं नेतात. हे चोरीचं हाय."

परत त्या फळीवर बसली नाही.

माणूस एकदा जागेवरनं उठलं की सगळीकडनंच उठतं, हे मी हिच्याकडं बघून शिकलो. भजनी मंडळात जायची, ते सोडलं. टाळ मागं-पुढं पडतो म्हणाली. लग्नकार्यात गेली की कोपरा धरायची. कोणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर हसायची, म्हणजे इतरांकडं बघून. आलेल्या बाईला प्रत्येक गोष्टीवर "हो, हो" म्हणायची. एकीनं सांगितलं, नवऱ्याचं ऑपरेशन आहे. ही म्हणाली, "हो हो, छान." बाई परत आली नाही. आम्ही दोघं-तिघं बोलत असलो की दारात येऊन उभी राहायची, "माझंच चाललंय ना?" नसायचं हो. पण "नाही" हे ओरडून सांगितलं की ते खरं वाटत नाही.

गुडघ्यांनी माझं काम सुटलं. दुकान दत्तूकडं दिलं आणि आम्ही मुलाकडं इंदिरानगरला आलो. फ्लॅट चांगला. शांत. मला वाटलं, हिच्या डोक्याला आराम पडेल.

चार दिवस झाले नाहीत तर शीतलला म्हणते, "वरच्या मजल्यावर कोण ठोकतंय गं?"

शीतल वर जाऊन आली. वरचा फ्लॅट बंद होता, कुलूप. "आई, कोणी नाहीये वर."

"मग हे काय हाय? सकाळपासून चालूय."

तिच्या कानात ते चालू होतं. आळीत असतानाही असणार, पण तिथल्या गोंगाटात कळलं नसेल. इथल्या शांततेत ते मोठं झालं. दिवसभर ठोके. मी म्हटलं, असतो काहींना कानात आवाज, सोडून दे. ती माझं तोंड वाचत होती. मग म्हणाली, "दोन जड आणि एक हलका. हे मामंजी हायेत."

 माझे वडील असेच ठोकायचे. दोन जड, एक हलका. त्यांना जाऊन किती वर्षं झाली. हे ठोके आळीतल्या नव्या लोकांना माहीतही नाहीत.

कधी म्हणायची, आज मामंजी दमलेत, सावकाश चाललंय. जेवताना मधेच घास धरून थांबायची आणि कान द्यायची. मुलगा घाबरला. त्याला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरकडं नेलं, कानाच्या.

तिथं एक काचेची खोली असते. हिला आत बसवलं, कानावर झाकणं लावली, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. ही जी दाबायला लागली ती थांबेचना. आतल्या पोरीनं बाहेर येऊन विचारलं, "आजी, मी अजून आवाज सोडलाच नाही. तुम्ही का दाबताय?"

"वाजतंय म्हणून दाबतेय. थांबंल तेव्हा थांबते."

ती पोरगी हसली. मी नाही हसलो.

डॉक्टर बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, कानाच्या आत केसासारखं बारीक काहीतरी असतं, आवाज त्याच्यावर पोचतो. वयानं ते झडतं. आईला होतं का असं? होतं, हिची आई शेवटी ठार बहिरी होती. साखर आहे का? आहे. त्यानंही झडतं. आणि काम काय करायच्या? मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हातोड्याच्या आवाजानं तर लवकरच. एकदा गेलं की परत उगवत नाही. आणि सगळ्यात आधी बारीक आवाज जातात. चिमणी, शिट्टी, बारीक नाद. जाडे मागं राहतात.

म्हणजे आधी ते शेपूटच गेलं. ज्याच्यासाठी तिनं कान उघडे ठेवले, तेच पहिलं गेलं.

मी ठोक्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, कान काही पाठवेनासा झाला की मेंदू स्वतःच आवाज बनवतो. मी म्हटलं, पण वडलांचेच? त्या मुलाकडं वळल्या. हिला वेडबीड काही नाही, एवढं मुलाला सांगितलं. आणि म्हणाल्या, यंत्र लावा, आणि घरात त्यांच्याशी बोलत राहा. समोर बसून, तोंड दिसेल असं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी लोक बोलायचं सोडतात, मग तोही सोडतो, आणि मग डोकं मंदावतं.

यंत्र आणलं. पहिल्या दिवशी घालून बाहेर आली आणि दोन्ही हातांनी कान दाबले. मिक्सर, लिफ्टचं दार, रस्त्यावरचे हॉर्न, माझं चप्पल घासत चालणं, सगळं एकाच मापाचं. "तुम्ही एवढे पाय घासत चालता?" म्हणाली. हळूहळू सवय झाली. शीतलशी बोलायला लागली, मालिकेतल्या सासूला नावं ठेवायला लागली. ठोकेही म्हणे यंत्र घातल्यावर मागं जायचे. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग तिनं स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा उतरवला आणि टिचकी मारली. मी दारातून बघत होतो. पुन्हा मारली. यंत्र काढलं, मारली. घातलं, मारली. मग यंत्र डबीत ठेवून मला म्हणाली, "हे हंड्याचं बोलणं नाय. हे यंत्राचं बोलणं हाय." माणसांसाठी घालायची यंत्र. भांड्यासाठी काढून ठेवायची.

गेल्या थंडीच्या आधी दत्तू आला. नवी घागर घेऊन, रिक्षात मांडीवर धरून. कोणीतरी मागणी दिलेली, चांगल्या घरची. हिच्यासमोर ठेवली आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "वहिनी, टिचकी."

"भाऊजी, चेष्टा करता का माझी?"

"चेष्टा करायला जुन्या नाशकातनं इथवर येऊ? तुमच्याशिवाय बाहेर गेलेलं माझ्या मनाला पटत नाही. मारा."

तिनं घागरीवरनं हात फिरवला. मग यंत्र काढून डबीत ठेवलं. घागर मांडीवर घेतली, पोराला घेतात तशी. गळ्यात हात टाकला आणि गाल तिच्या पोटाला लावला. दत्तूला खुणेनं म्हणाली, तुम्ही मारा. दत्तूनं मारली. ती डोळे मिटून होती. गालानं ऐकत होती. बोटांनी म्हणा, दातांनी म्हणा. पुन्हा मारा. पुन्हा. गॅलरीतून ऊन येत होतं आणि तांब्याचा लाल रंग तिच्या तोंडावर पडला होता. फळीवर बसायची तेव्हाचं तोंड होतं ते. इतक्या वर्षांत मला ते परत दिसलं नव्हतं.

डोळे उघडून म्हणाली, "नाय. ही नको."

मला घागर खणखणीत ऐकू आली होती. दत्तूलाही. शीतलनं पाणी भरून रात्रभर ठेवली, थेंब गळला नाही. सकाळी मी दत्तूला फोनवर सांगितलं, घेऊन जा, धड आहे.

दत्तू म्हणाला, "दादा, वहिनी काय म्हणाल्या?"

"नको म्हणाली."

"मग राहू दे तिथंच. मी दुसरी करतो."

हे तिला सांगितलं, समोर बसून, सावकाश. तिनं ऐकलं आणि उठून चहा ठेवला. त्या दिवशी चहात साखर जास्त पडली होती.

थंडीत छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवलं. तिथं सगळ्यांच्या तोंडाला मास्क. यंत्र काढून पिशवीत घालून आम्हाला दिलेलं. ती तोंडं वाचून ऐकायची, आणि शेवटचे दिवस तिला एकाचंही तोंड दिसलं नाही. नुसते डोळे यायचे आणि जायचे. मी आत गेलो की मास्क खाली ओढायचो. नर्स ओरडायची. मी परत ओढायचो. मी काय सांगायचो? शीतलनं भात केला होता, दत्तू येऊन गेला, असलंच. ती माझ्या ओठांकडं बघायची, पाणी बघावं तशी. एकदा मी बोलायचा थांबलो तर म्हणाली, "थांबू नका. मामंजींचे ठोके मधे येतात."

तिसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हा बाहेर बाकावर होतो.

परवा शीतल धावत आली. "बाबा, कुकर किती वेळ शिट्ट्या मारतोय, गॅस बंद नाही का करायचा?" मी कुकरशेजारीच बसलो होतो. कानातल्या कापसाच्या बोळ्यांनी एवढंच केलं, माझं थोडं लांबवलं.

मी रोज दुपारी घागर मांडीवर घेतो. टिचकी मारतो. ती आणली तेव्हा तिचं शेपूट लांब जायचं, मला आठवतं. आता मधेच तुटतं. घागरीची चीर वाढत असेल, नाहीतर माझा कान जात असेल. दत्तूला बोलावलं तर तो सांगेल. मी नाही बोलावत.

गाल लावून बघतो. तांबं गार लागतं. मग थोड्या वेळानं आतून सुरू होतं. वडलांचा हातोडा मला ओळखू येतो. पण हे ते नाही. हे बारीक आहे. हातोडा नाहीच हा. बोटाचं पेर तांब्यावर वाजावं, तसं. एक मारून थांबतं, ऐकतं आणि पुन्हा मारतं.

शीतल विचारते, बाबा, कोणी मागितली तर द्यायची का ही?

नाही. तिनं नको म्हटलंय. ती उंबऱ्याबाहेर जायची नाही.